पाव आटा

कोलबेनच्या कमरेला बत्तीस वर्षं एक चिमटा लटकत होता. शिशाचं सील दाबायचा चिमटा. गावात तसा एकच होता आणि तो वापरायचा अधिकार एकट्या कोलबेनला होता.

उत्तरेकडच्या आमच्या हेटाबक्की गावात एकशे सेहेचाळीस घरं आहेत. टेकडीच्या पायथ्याला बोअर आहे, त्यातून अठ्ठ्याहत्तर अंशांचं पाणी निघतं. ते नळांनी घरोघर जातं, रेडिएटरमधून फिरतं आणि निवल्यावर शाळेच्या वाटेखालून, तिथला बर्फ वितळवत, खाडीला मिळतं. प्रत्येक घराच्या तळघरात, नळ आत शिरतो तिथे, मुठीएवढा पितळी हेमिल बसवलेला असतो. घरवाल्याने मिनिटाला जितके लिटर पाणी विकत घेतलं असेल तितकंच हेमिल आत सोडतो. स्क्रू फिरवून माप ठरवायचं, त्यावर तार ओवायची आणि तारेवर शिसं दाबायचं. त्यानंतर पाणी वापरा नाहीतर वापरू नका, वर्षाचा आकार तेवढाच.

मग रेडिएटर बंद कोण करणार? घर तापलं की आम्ही खिडकी उघडतो. भर जानेवारीत, बाहेर उणे बारा असताना, गावातल्या निम्म्या खिडक्या उघड्या असतात आणि आतली माणसं नुसत्या गंजिफ्रॉकात बसून कॉफी पीत असतात. दक्षिणेतून येणाऱ्या पाहुण्यांना याचं हसू येतं. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नाही. पाणी जमिनीतून येतं आणि खिडकीतून जातं.

मी वाणिज्य शाळेतून बाहेर पडलो तो थेट या गरमपाणी कंपनीच्या टेबलाशी येऊन बसलो. कंपनी गावाचीच. कचेरीत मी आणि बाहेर कोलबेन, असा आमचा कारभार होता. कोणत्या घराला किती लिटर, हे माझ्या वहीत असायचं आणि ते प्रत्यक्षात आणायचं काम त्याचं. तो उंच होता. आयुष्यभर तळघरात वाकून वाकून त्याची मान पुढे आली होती. नळाला हाताची उलटी बाजू लावून तो पाणी किती अंशांचं आहे ते सांगायचा आणि एका अंशापेक्षा जास्त कधी चुकायचा नाही. मी थर्मामीटर लावून दोनतीनदा पाहिलं, मग तपासायचं सोडून दिलं.

दारात आल्यावर आमच्याकडे कोणी म्हणतं, कसं काय, कोणी हवेबद्दल बोलतं. कोलबेन बूट काढता काढता एकच विचारायचा, "थंडी वाजते का?" तेवढं विचारून तो तळघरात उतरायचा.

त्याचं स्वतःचं घर गावात सगळ्यात गरम होतं. पोहण्याच्या तलावाशेजारी गरम पाण्याचं कुंड आहे, संध्याकाळी निम्मा गाव त्यात गळ्याइतका बुडून गप्पा मारतो, तिथे यावर हमखास विनोद व्हायचा. कोलबेनकडे जाताना टॉवेल घेऊन जा. कोलबेनच्या न्हाणीघरात केळी पिकतात. तो तिथेच बसलेला असला तरी हसायचा नाही आणि चिडायचाही नाही. त्याची बायको आस्टा शेवटची तीन वर्षं रक्ताच्या आजाराने अंथरुणाला खिळली होती आणि तिला सतत हुडहुडी भरायची, हे सर्वांना ठाऊक होतं. ती जाऊन नऊ वर्षं झाली होती. घर मात्र तसंच तापलेलं राहिलं. एकटा माणूस, सवय जात नसेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

एकुलती मुलगी एदीस रेक्याविकला शिक्षिका होती. नवरा सुतार, दोन लहान मुलं. तिला गावी यायचं होतं, पण घर नव्हतं. आमच्या गावात रिकामं घर म्हणजे एकतर मेलेल्याचं नाहीतर वाटणीवरून भांडणाऱ्यांचं. शेवटी ग्रामसभेने ठरवलं की वरच्या गल्लीच्याही वर, उतारावर, नऊ घरांची एक ओळ बांधायची. नाहीतर दहा वर्षांत शाळेला कुलूप लागेल. घरं उन्हाळ्यात उभी राहिली, खिडक्या बसल्या, रेडिएटर लागले, जमिनीतले नळही टाकून झाले. तिसरं घर एदीसच्या नावावर निघालं. शाळेत तिला जागाही मिळाली.

राहिलं फक्त पाणी.

जानेवारीत अकुरेरीहून बिर्ना नावाची इंजिनिअर आली. तिशीची, मोजकं बोलणारी. तिने वरच्या गल्लीच्या शेवटच्या टोकाला नळावर दाबाचा काटा बसवला आणि अट घातली. कडक थंडीच्या दिवशी, सगळं गाव पाणी ओढत असताना, या काट्याने किमान दोन बार दाखवले पाहिजेत. तरच नवी ओळ जोडता येईल. कमी असतील तर नऊ घरं जोडल्यावर वरच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांचे रेडिएटर गार पडतील, आणि तशा कागदावर ती सही करणार नव्हती. ग्रामसभेला एक मार्चपर्यंत उत्तर हवं होतं. उत्तर नाही असं आलं तर नवी ओळ पुढच्या वर्षावर जाणार होती, आणि एदीस रेक्याविकच्या शाळेशी आणखी पाच वर्षांचा करार करणार होती. तिने बापाला फोनवर तसं स्वच्छ सांगितलं होतं. मुलांना दर वर्षी नवी आशा लावणं तिला जमणार नव्हतं.

तेरा जानेवारीला उणे चौदा होतं. काट्याने एक पूर्णांक चार दाखवले.

बिर्नाने माझी वही मागितली. वहीप्रमाणे गावाला मिनिटाला चारशे अडतीस लिटर दिलेले होते. मग ती पंपघरात जाऊन आली. तिथून चारशे शहाऐंशी बाहेर पडत होते. अठ्ठेचाळीस लिटरचा फरक. अडतीस वर्षांत माझ्या वहीत अर्ध्या लिटरचाही फरक कोणी दाखवला नव्हता. मी दोन वेळा बेरीज केली. बेरीज बरोबर होती.

"गळती आहे," बिर्ना म्हणाली. "मुख्य नळ जुना झालाय. रस्ता खणावा लागेल."

रस्ता खणायचा तर जमीन मऊ व्हायला हवी, म्हणजे जून उजाडणार. मार्च हातचा गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोलबेन म्हणाला, चल, नळावरून एक चक्कर मारू. आमच्याकडे गळती शोधायला यंत्र लागत नाही. जमिनीखाली गरम पाणी फुटलं की वरचा बर्फ वितळतो आणि पांढऱ्यात काळा डाग दिसतो. आम्ही पंपघरापासून निघालो आणि मुख्य नळाच्या रेषेवरून वरच्या गल्लीपर्यंत चालत गेलो. दोन हात बर्फ होता, सलग. एकही डाग नाही. फाटे तपासले, तिथेही नाही. कोलबेन सगळा वेळ खाली बघत चालला होता, पण तो डाग शोधतोय असं मला वाटेना. काय दिसणार हे त्याला आधीच ठाऊक असावं, तसा तो चालत होता.

वरच्या टोकाला पोचल्यावर मी म्हणालो, "गळती नाही. मग पाणी जातं कुठे?"

त्याने हातमोजे काढले आणि खिशात घातले.

"ती गळती म्हणजे मी," तो म्हणाला.

मग तिथेच, त्या थंडीत उभं राहून, त्याने सांगितलं. तळघरात उतरल्यावर कधी कोणी म्हणायचं, थंडी वाजते रे. बाळंतीण असायची, म्हातारं माणूस असायचं, उत्तरेकडची भिंत ओली असायची. तेव्हा तो सील तोडायचा, स्क्रू पाव आटा, म्हणजे पाव फेरा, सैल करायचा आणि नवं सील दाबायचा. पाव आट्याला पाऊण लिटर वाढतं. एका घराला पाऊण लिटर म्हणजे गावाच्या मानाने काहीच नाही. चहाच्या पेल्यात बोट बुडवल्यासारखं.

"आणि परत कधी आवळलंस?"

"बाळ मोठं झालं म्हणून जाऊन आवळायचं? ते बरं दिसतं का?"

मी विचारलं, अशी घरं किती. त्याने गल्लीगल्लीने नावं घ्यायला सुरुवात केली आणि प्रत्येक नावाबरोबर कारणही सांगितलं. अमक्याची जुळी झाली तो आठवडा. तमकीचा नवरा बोटीवरून परतला नाही तो मार्च. मी बोटांवर मोजत होतो. सत्तावन्न घरं झाली. पंचेचाळिसावं नाव माझं होतं.

"माझं?"

"तू आईला घरी आणलंस तेव्हा. ती म्हणाली, पाय गार पडतात. तू कचेरीत होतास."

मी कंपनीची पेन्सिलही कधी घरी नेलेली नाही. आणि अकरा वर्षं मी कंपनीचं पाऊण लिटर पाणी दर मिनिटाला जास्त ओढत होतो, खिडकी उघडी टाकून.

खरं तर तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. सत्तावन्न गुणिले पाऊण म्हणजे त्रेचाळीसच्या खाली. अठ्ठेचाळीस नाही. पण आईचे पाय डोक्यात होते, त्यामुळे तो गुणाकार मी घरी जाईपर्यंत केलाच नाही. केला तेव्हा वाटलं, काही घरी पावाचा अर्धा आटा झाला असेल.

आम्ही दोघांनी बिर्नाला सांगितलं. ती म्हणाली, "पोलिसात द्यायचं की कॉफी पाजायची, हे मला कळत नाही." शेवटी तिने फेब्रुवारीअखेरपर्यंत मुदत दिली. सगळे हेमिल मूळ मापावर आणा, मी येऊन काटा बघते. कंपनीच्या समितीने तेच मान्य केलं. अध्यक्षांचं म्हणणं होतं की कागदावर 'दुरुस्ती' एवढंच लिहावं. मी लिहिलं, 'सत्तावन्न घरांचे हेमिल मूळ मापावर आणण्यात येत आहेत.' माझंही त्यात आहे हे पण लिहिलं.

फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी आम्ही निघालो. त्याच्याकडे चिमटा, माझ्याकडे यादी. पहिलं घर माझंच घेतलं. मग खालच्या गल्लीतली थुरीडूर. वय चौऱ्याऐंशी, विणकाम करत बसलेली. कोलबेनने दारात नेहमीसारखं बूट काढले, पण नेहमीचं वाक्य त्याच्या तोंडून निघेना. शेवटी तो म्हणाला, "थुरीडूर, तो पाव आटा मला परत न्यायचाय."

तिने सुया थांबवल्या नाहीत. "दिलास तेव्हा मला विचारलं नव्हतंस," ती म्हणाली. "नेतानाही विचारू नकोस. कॉफी ठेवली आहे."

सगळीकडे असं झालं नाही. कोणी म्हणालं, चूक कंपनीची, आम्ही का गारठायचं. एकाने तर साफ कानांवर हात ठेवले, म्हणे माझ्या हेमिलला कोणी हातच लावलेला नाही. तेव्हा कोलबेनने त्याला त्याच्या जुळ्यांची जन्मतारीख सांगितली, आणि तो गुपचूप तळघराचा दिवा लावायला उठला. लोक पाणी द्यायला कुरकुरत होते, पण खरं दुखणं वेगळंच होतं. ते मला गुरुवारी कुंडात बसल्यावर कळलं.

आम्ही नऊदहा जण बसलो होतो. वाफेत चेहरे नीट दिसत नव्हते. एक जण म्हणाला की कोलबेनने त्याच्यासाठी एक गोष्ट केली होती, फक्त त्याच्यासाठी, आणि त्याने ती वीस वर्षं बायकोलासुद्धा सांगितली नव्हती. पलीकडून आवाज आला, "पाव आटा?" मग तिसऱ्याने मान खाली घातली. मग चौथीने. प्रत्येक जण असं समजून चालला होता की सगळ्या गावात कोलबेनचा जीव आपल्या एकट्यावर आहे. आता कळत होतं की आपण सत्तावन्नांतले एक.

आणि मग हर्मुंडूर बोलला. हा मेंढपाळ, गल्लीच्या टोकाला राहतो, घरातही लोकरीची बंडी घालून असतो. "मला नाही दिलं," तो म्हणाला. "सत्तावन्न घरांना मिळालं. माझ्याच घरात काय सैतान राहतो?"

कोलबेन समोरच बसला होता. "तू कधी म्हणालास थंडी वाजते?"

"मी कशाला म्हणेन?"

"मग मी कशाला देईन?"

"तीस वर्षं तू विचारतोस, थंडी वाजते का, आणि मी म्हणतो, नाही. मला वाटलं, रीत म्हणून विचारतोस."

"आणि मला वाटलं, तू खरं सांगतोस."

लोक हसले. हर्मुंडूर हसला नाही. तो उठून गेला. दुसऱ्या दिवशी त्याने कचेरीत येऊन मला विचारलं की त्याच्या खिडक्या बंद ठेवल्या तर वरच्या टोकाच्या काट्याला काही फरक पडतो का. मी म्हणालो, नाही, हेमिल तेवढंच पाणी सोडतो, पण रेडिएटरची मूठ आवळलीस तर पडतो. तो म्हणाला, मग आवळतो, तेवढं तरी माझ्या नावावर लिही. लिहायला माझ्या वहीत रकाना नव्हता. मी समासात लिहिलं.

पंचवीस फेब्रुवारीला सत्तावन्नावं सील बसलं. सव्वीसला उणे तेरा झालं आणि बिर्ना आली. पंपघरातून चारशे त्रेचाळीस लिटर निघत होते. वरच्या काट्यापाशी आम्ही चौघं उभे होतो, आम्ही दोघं, बिर्ना आणि अध्यक्ष. काटा एक पूर्णांक नऊवर थांबला.

"द्या ना करून," अध्यक्ष म्हणाले. "दोनच म्हणायचे."

"एक पूर्णांक नऊ म्हणजे एक पूर्णांक नऊ," बिर्ना म्हणाली. मनातून मला ते पटलं. मी तिच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो. ती म्हणाली, मी आणखी दोन दिवस आहे, थंडीही राहणार आहे, काही सापडलं तर सांगा.

कोलबेन उतार उतरून घरी गेला.

मी कचेरीत आलो आणि वही उघडली. दिलेलं चारशे अडतीस. निघालेलं चारशे त्रेचाळीस. पाच लिटर. सत्तावन्न घरांत आता एक थेंबही जास्त नव्हता, मी स्वतः पाहिलं होतं. राहिलेल्या घरांत कोलबेनने कधी हात घातला नव्हता, आणि तो खोटं बोलत नाही. एकशे सेहेचाळीस घरांच्या यादीवरून मी बोट खाली आणलं. एका नावाशी थांबलो. अडीच लिटर, आस्टा आणि कोलबेन. ते घर ना सत्तावन्नांत होतं, ना आम्ही त्याच्या पायऱ्या उतरलो होतो.

दुपारी तीनला मी त्याच्याकडे गेलो. दार उघडताच ऊब अंगावर आली. स्वयंपाकघरातला थर्मामीटर सत्तावीस दाखवत होता आणि सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. कोलबेन टेबलाशी बसला होता. समोर बोअरशेजारच्या तापलेल्या जमिनीत पुरून भाजलेला काळा गोड पाव होता आणि लोणी. त्याने एक फोड कापून माझ्यापुढे सरकवली. मी खाल्ली. मग विचारलं.

"कोलबेन, पाच लिटर इथे आहेत का?"

"आहेत."

तो मला तळघरात घेऊन गेला. हेमिल जागेवर होता, तार होती, सील होतं. वरून सगळं नेमात. पण आतला स्क्रू आणि चकती त्याने बारा वर्षांपूर्वीच काढून टाकली होती. नुसतं पितळी खोकं. पाणी सरळ जात होतं.

"पाव आट्याने तिला पुरेना," तो म्हणाला. "मग अर्धा केला. मग एक. मग म्हटलं, मोजायचंच कशाला."

चकती कुठे आहे, मी विचारलं. ती वर होती, आस्टाच्या खोलीत, खिडकीच्या फळीवर, तिच्या चष्म्याजवळ. खोली तिने सोडली तशीच होती. पलंगावर चादर होती आणि रेडिएटरला हात लावता येत नव्हता. चकती काढली त्या हिवाळ्यात ती या खोलीत पहिल्यांदा म्हणाली होती की आता बरं वाटतंय. ही खोली गार होऊ द्यायची नाही, एवढंच त्याने ठरवलं होतं. कोणाला सांगण्यासारखं काही नव्हतं. सत्तावन्न घरं उतरताना त्याला वाटत होतं की तेवढ्यावर भागेल.

वहीतले आकडे त्याला माझ्याइतकेच ठाऊक होते. तो फळीजवळ गेला. मग त्याने चकती उचलली, सदऱ्याला पुसली आणि म्हणाला, "एदीसला यातलं सांगू नकोस. तिला वाटेल, तिच्यासाठी केलं."

"मग कोणासाठी?"

"तिच्यासाठीच. पण तिला तसं वाटायला नको."

खाली येऊन त्याने मुख्य नळ बंद केला, हेमिल उघडला, चकती आणि स्क्रू बसवला. अडीच लिटरच्या खुणेवर आणून थांबला. मग चिमटा माझ्या हातात दिला.

"सील तू मार. स्वतःच्या हेमिलला स्वतः सील मारायचं नसतं. बारा वर्षांपूर्वी मारलं, ते चुकलं."

मी आयुष्यात कधी सील मारलं नव्हतं. पहिलं शिसं वाकडं बसलं. त्याने ते तोडलं, दुसरी तार ओवून दिली आणि कुठे दाबायचं ते बोटाने दाखवलं. दुसरं बरं बसलं. मी वहीत तारीख घातली.

सत्तावीस फेब्रुवारीला उणे बारा होतं. काट्याने दोन पूर्णांक एक दाखवले. बिर्नाने हातमोजा काढून सही केली, कारण हातमोज्यात पेन धरता येत नव्हतं. जाता जाता ती कोलबेनला म्हणाली की नव्या ओळीत हेमिल नसतील, मीटर असतील. जितकं पाणी वापराल तितकेच पैसे. कोलबेन म्हणाला, "म्हणजे आता थंडी वाजते का, हे कोणी विचारायचं नाही?" बिर्ना म्हणाली, ज्याचं त्याने बघायचं.

एदीस एप्रिलमध्ये आली. त्याआधी, मार्चमध्येच, थुरीडूरने कोलबेनला जाड लोकरीची बंडी विणून पाठवली होती. सोबत चिठ्ठी नव्हती. त्याच्या घरात आता वीस अंश असायचे. खिडक्या बंद असायच्या आणि तो ती बंडी घालून बसायचा. कुंडातला केळ्यांचा विनोद बंद पडला. कोणी ठरवून बंद केला असं नाही, पण पुन्हा ऐकू आला नाही. हर्मुंडूर मात्र त्याला रस्त्यात गाठून दर आठवड्याला सांगायचा, "आज मला थंडी वाजते." कोलबेन म्हणायचा, "उशीर झाला."

त्या वर्षीच्या डिसेंबरात, एका रविवारी, एदीसने आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. बाहेर उणे नऊ होतं. मेंढीच्या मटणाचा वाफाळता रस्सा होता. मुलं जमिनीवर खेळत होती. जेवण झाल्यावर कोलबेन उठला आणि सवयीने खिडकीकडे गेला. कडीला हात लावला. तेवढ्यात त्याची नजर कोपऱ्यातल्या मीटरवर गेली, त्यातलं बारीक लाल चक्र फिरत होतं. त्याने हात मागे घेतला आणि परत येऊन बसला. बंडीची बटणं लावली.

एदीस भांडी आवरत होती. मान न वळवता तिने विचारलं, "बाबा, थंडी वाजते का तुला?"

बत्तीस वर्षं मी हा प्रश्न त्याच्या तोंडून ऐकला होता. त्याला कोणी विचारलेला मी ऐकला नव्हता. हर्मुंडूरसारखा तो आता नाही म्हणणार, असं मला वाटलं. त्याने मीटरकडे पाहिलं, मग मुलांकडे.

"थोडी," तो म्हणाला.

एदीसने हात पुसले, रेडिएटरपाशी गेली आणि मूठ थोडी फिरवली. कोपऱ्यातलं लाल चक्र भरभर फिरू लागलं. कोलबेन त्याच्याकडे बघत राहिला, पण बंद कर म्हणाला नाही.